लपवलेली वही आणि १४४१६

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आपल्यातल्या अनेकांनी वाचले आहे, निदान नाव तरी ऐकले आहे. ते लिहिले कसे गेले, हे मात्र कमी जणांना ठाऊक असते. बेबीताई फलटणला छोटे दुकान चालवत. गिऱ्हाईक नसले की तिथेच बसून त्या लिहीत, आणि लिहिलेले घरच्यांच्या नजरेस पडणार नाही अशा जागी ठेवून देत. असे जवळपास वीस वर्षे चालले. फलटणलाच राहून काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन या अभ्यासक बाईंच्या प्रोत्साहनाने ते पुढे छापून आले, आणि आज त्या पुस्तकाला मराठीत मानाचे स्थान आहे. पण त्या वीस वर्षांत ती वही कुणाच्या हाती लागली असती तर काय झाले असते, ही भीती लिहिणाऱ्या बाईच्या मनात रोज असणार.

आरोग्याच्या पानावर ही आठवण काढायचे कारण असे, की मनातले लिहून लपवण्याची गरज आजही तेवढीच आहे. फक्त वही बदलली. मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनारपट्टीवरच्या आपल्या वाड्यांतली मुले-मुली आणि घरातल्या बायका आता मोबाईलमध्ये लिहितात. कुणी रोजनिशीचे ॲप घेते, कुणी गुगल कीपमध्ये टिपते, तर कुणी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवून ठेवते. त्यात हिशेब असतो, प्रेमप्रकरण असते, सासूची तक्रार असते. आणि कधी एखाद्या रात्री दोनच्या सुमाराला असेही लिहिले जाते, की आता जगून काय उपयोग.

ते वाक्य वाचणारे तेव्हा कुणीही नसते. मदत पोहोचायला हवी, पण घरभर आणि वाडीभर बोभाटा न होता, हा प्रश्न तिथे सुरू होतो.

आपल्याकडे हे ओझे काही थोडे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांतले २२,७४६ महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. आकडे बाजूला ठेवले तरी आपल्या किनाऱ्यावरच्या अडचणी कुणाला सांगायला नकोत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे मासळीवर पोट असलेल्या हातांची मजुरी बंद. बागेतले काम आंब्या-काजूच्या मोसमापुरते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने ज्यांची छपरे उडवली, त्यांतल्या काहींनी काढलेले कर्ज छपरापेक्षा जास्त टिकले. मुंबईला गेलेला मुलगा दहा बाय दहाच्या खोलीत पाच जणांत राहतो आणि गावी फोनवर ‘सगळं बरं आहे’ म्हणतो. कॉलेजात आडनावावरून टोमणे खाणारी मुलगी घरी काही बोलत नाही, कारण आईबापांनी तिच्या फीसाठी काय केले ते तिने पाहिलेले असते.

इथे एक गोष्ट आधी स्पष्ट करू. अशा वेळी ‘मन कमकुवत आहे’ म्हणणे चुकीचे आहे. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादचा रोहित वेमुला गेला, २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. ही दोन्ही मुले हुशार होती, धडपडी होती. ज्या अपमानाला तोंड देत ती जगत होती तो बाहेरून येत होता. दुःखाचे कारण बाहेर असले तरी जीव मात्र आतून पोखरतो, म्हणून लढाई आणि उपचार दोन्ही एकाच वेळी लागतात.

लिहिण्याने खरेच बरे वाटते का?

बऱ्याच जणांना वाटते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. कॉलेजच्या मुलांना त्यांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे स्वतःच्या आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक प्रसंगाबद्दल लिहायला लावले. लिहिताना मुले अस्वस्थ झाली, पण पुढच्या काही महिन्यांत प्रसंग आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिणारी मुले इतरांपेक्षा कमी वेळा दवाखान्यात गेली. त्यानंतर असे अनेक प्रयोग झाले आणि फायदा सगळ्यांना सारखा होत नाही हेही दिसले. रोज तेच दुःख त्याच शब्दांत घोळवत राहिले तर मन आणखी गाळात जाते. लिहून झाल्यावर दर वेळी आधीपेक्षा जास्त भार वाटत असेल तर लिहिणे थांबवावे आणि माणसाशी बोलावे.

कुणाकुणाचा छळाचा अनुभव असा असतो की त्याची नोंद पुढे उपयोगी पडते. कोण काय बोलले, कुठे, कधी, तिथे कोण हजर होते, हे तारीख घालून लिहिले तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार करताना आठवणीवर विसंबावे लागत नाही. पण ही वही वेगळी ठेवा. मनातली वही आणि पुराव्याची वही एकत्र केली तर उद्या पुरावा दाखवताना मनही उघडे पडेल.

ॲपला कळते तरी काय

रोजनिशीच्या ॲपमध्ये संकटाच्या वेळी मदत देण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला साधा: पानावर कुठेतरी ‘मदत हवी’ असे बटण असते, ते दाबले की हेल्पलाईनचे नंबर आणि आधी लिहून ठेवलेली स्वतःची योजना समोर येते. लिहिणाऱ्याने दाबले तरच. दुसरा मार्ग असा, की ॲप लिहिलेले शब्द स्वतः तपासते आणि धोका वाटला तर काहीतरी दाखवते किंवा कुणाला कळवते.

दुसऱ्या मार्गाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ब्रिटनमधल्या समॅरिटन्स या जुन्या संस्थेने ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘रडार’ नावाचे ॲप काढले. ते ट्विटरवरचे शब्द तपासत असे आणि कुणी निराशेचे काही लिहिले की त्याच्या ओळखीच्या माणसाला सूचना देई. हेतू चांगला होता. पण ज्याचे शब्द तपासले जात होते त्याला पत्ताच नसे. मानसिक त्रास असलेली माणसेच पुढे आली आणि म्हणाली, आमच्यावर पाळत ठेवणारा हाच आमचा छळ करणारा असला तर? दहा दिवसांच्या आत ते ॲप बंद करावे लागले. हा आक्षेप मला पूर्ण पटतो. सून रात्री काय लिहिते याची सूचना आपोआप नवऱ्याच्या फोनवर जाऊ लागली, तर काही घरांत तिचा जीव वाचण्याऐवजी धोक्यात येईल.

शिवाय यंत्राला आमची भाषा कळायला हवी. आपल्या मालवणीत ‘रे मेल्या, खय होतंस?’ हे प्रेमाने विचारतात. ‘मेल्या’ शब्दाला यंत्र घाबरले तर दिवसातून पन्नास वेळा घंटा वाजेल. आणि ‘जीव कावलो’ असे कुणी खरोखरच्या वैतागाने लिहिले तर त्याला त्यातले काहीच उमगणार नाही. म्हणून शब्द हुंगणाऱ्या ॲपपेक्षा साधे बटण असलेले ॲप बरे, असे माझे मत आहे. गप्पा मारणाऱ्या यंत्राबद्दलही तेच. रात्री दोनला ते जागे असते हे खरे, पण उठून दाराशी येऊ शकत नाही.

गुपित फुटल्याची उदाहरणेही आहेत. फिनलंडमध्ये वास्तामो नावाची समुपदेशन देणारी मोठी कंपनी होती. तिच्या संगणकातून सुमारे ३३ हजार रुग्णांची माहिती चोरीला गेली, आणि २०२० मध्ये चोराने थेट रुग्णांना धमकी दिली, पैसे द्या नाहीतर तुम्ही डॉक्टरांना सांगितलेले सगळे उघड करतो. २०२४ मध्ये त्याला सहा वर्षे तीन महिन्यांची शिक्षा झाली, पण उघडे झालेले परत झाकता येत नाही. अमेरिकेत बेटरहेल्प या ॲपने लोकांची मानसिक आरोग्याची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचे प्रकरण २०२३ मध्ये सरकारी आयोगापुढे गेले आणि ७८ लाख डॉलर भरण्यावर मिटले. ‘फुकट’ शब्द पाहून ॲप घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

पण खरे सांगायचे तर आपल्या वस्तीत फिनलंडच्या चोरापेक्षा घरातला दुसरा माणूस जास्त जवळ असतो. एक फोन, तीन वापरणारे. फोन घेतला तेव्हा दुकानदाराने किंवा मोठ्या भावाने जीमेल उघडून दिलेले, त्याचा पासवर्ड त्यांच्याकडेच. गुगल कीपमध्ये लिहिलेले प्रत्येक टिपण त्या जीमेलला जोडलेल्या दुसऱ्या फोनवरही दिसते, हे कित्येकांना ठाऊक नसते. म्हणून आधी फोनच्या सेटिंगमध्ये कोणते खाते चालू आहे ते बघा. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून आपले व्हॉट्सॲप दुसरीकडे कुठे चालू नाही ना ते पाहा. स्वतःला पाठवलेल्या मेसेजची चॅट २०२३ पासून कुलूप घालून ठेवता येते. बऱ्याच स्वस्त अँड्रॉइड फोनमध्येही ‘ॲप लॉक’ असते, त्याचा पिन फोनच्या पिनपेक्षा वेगळा ठेवा. जन्मतारीख नको, ती घरात सगळ्यांना पाठ असते.

ॲप निवडायचे तर खाते न उघडता आणि नेट बंद करून ते चालते का, हे करून पाहा. चालत असेल तर लिहिलेले बहुधा फोनमध्येच राहते. आणि बोलून टाईप करायची सोय आहे म्हणून बोलून लिहू नका. एका खोलीच्या घरात मग वही ठेवायची गरजच काय?

पहिले पान

ॲप असो की चाळीस पानी वही, तिचे पहिले पान बरे वाटत असतानाच लिहून ठेवायचे असते. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राऊन या मानसशास्त्रज्ञांनी त्याची पद्धत बसवली आणि आता ती जगभर वापरतात. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून असे पान लिहून घेतले आणि नंतर फोन करून विचारपूस ठेवली, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाताकडे जाणारे वर्तन इतरांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसले. हा अभ्यास २०१८ चा. एका कागदाचे आणि दोन-तीन फोनचे हे काम आहे.

पानावर पहिल्यांदा लिहायचे, की माझे बिघडायला लागते तेव्हा मला कशावरून कळते. कुणाची झोप जाते, कुणी मुंबईचा फोन उचलत नाही, कुणाला जेवण मातीसारखे लागते. मग, कुणालाही न सांगता मला स्वतःला काय करता येते. आंघोळ, भांडी, जाळे विणणे, गाणी. आनापान येत असेल तर पाच-दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष. मात्र अशा दिवसांत ‘जा, दहा दिवस शिबिराला बसून ये’ असा सल्ला कुणी देऊ नये. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिर करू नये असे विपश्यना केंद्रेच सांगतात. समुद्रावर जाऊन बसल्याने पुष्कळांना हलके वाटते. संध्याकाळी चार माणसांत बसा, रात्री एकट्याने नको.

त्याखाली दोन प्रकारची नावे. ज्यांच्याजवळ काही न सांगता नुसते बसता येते अशी, आणि ज्यांना सांगता येते अशी. दुसऱ्या यादीत एक नाव तरी घराबाहेरचे असू द्या: मैत्रीण, मावशी, जुने गुरुजी, आशाताई. त्या माणसाला आधी विचारून ठेवा, ‘कधी रात्री फोन केला तर चालेल ना?’ एवढे पुरे.

शेवटची ओळ घरातल्या धोक्याची. जीव द्यावासा वाटण्याची सर्वांत तीव्र लाट पुष्कळदा थोडा वेळच टिकते आणि ओसरते. तेवढ्या वेळात हाताशी घातक काही नसले तर माणूस वाचतो. श्रीलंकेने अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, तेव्हा तिथल्या आत्महत्या पुढच्या वीस वर्षांत खूप मोठ्या प्रमाणात खाली आल्या. आपल्याकडे आंब्याच्या फवारणीचे औषध घराच्या पडवीत पडलेले असते. ते बागमालकाच्या कुलुपात जाऊ द्या. घरातल्या जास्तीच्या गोळ्या शेजारणीकडे ठेवा. अशा दिवसांत दारू घेतली की लाट उंच होते, हेही पानावर लिहा.

आणि मग नंबर. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा नंबर. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही सेवा चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. आधी समुपदेशक बोलतात आणि गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जोडून देतात. १८००-८९१-४४१६ हाही त्यांचाच. १० ऑक्टोबर २०२४ पासून त्यांचे ॲप आहे आणि २०२५ मध्ये त्यात मराठी आली. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८. जिवाला आत्ता या क्षणी धोका असेल तर ११२, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

फोन केला की तो नंबर कॉलच्या यादीत राहतो. फोन सामाईक असेल तर बोलून झाल्यावर यादीतून काढून टाका. बोलायचे कुठे हाही प्रश्नच आहे. आपल्या कित्येक वाड्यांत रेंज मिळते ती एका माडाखाली, आणि तिथे सगळी वाडी उभी! त्यापेक्षा एसटीच्या रिकाम्या थांब्यावरून किंवा दुपारच्या वेळी विहाराच्या ओट्यावरून बोललेले बरे.

समोरासमोर डॉक्टरांना दाखवायचे तर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याच्या ओपीडीची चौकशी करावी. मालवणहून कसालमार्गे एसटी आहे. ओळखीच्या बाजारपेठेतल्या दवाखान्यापेक्षा काहींना ते लांबचे रुग्णालयच सोयीचे वाटते. १८८६ पासूनचे रत्नागिरीचे मनोरुग्णालय म्हटले की आपल्याकडे आवाज खाली जातो, पण बहुतेकांना तिथे भरती व्हायची गरज पडत नाही. ओपीडीतल्या भेटी आणि गोळ्या यांवर भागते.

कायदा काय म्हणतो

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चे कलम २३ म्हणते, की रुग्णाने सांगितलेले गुप्त ठेवणे हे उपचार करणाऱ्यांचे कर्तव्य आहे. जिवाला धोका असेल तर मात्र ते गरजेपुरते दुसऱ्याला सांगू शकतात. हे आधीच माहीत असावे, म्हणजे नंतर फसवल्यासारखे वाटत नाही. कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे धरले जाते, त्याला शिक्षा नाही, उलट त्याची काळजी घेणे हे सरकारचे काम आहे. जुन्या दंडसंहितेतले ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून गेले. नव्या संहितेत फक्त सरकारी नोकराला कामापासून अडवण्यासाठी किंवा भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न गुन्हा आहे. म्हणून ‘पोलीस केस होईल’ या भीतीने कुणाला दवाखान्यात न्यायला उशीर करू नका.

वही सापडली तर

आईवडिलांनो, मुलांची वही किंवा फोन मुद्दाम उघडून वाचू नका. एकदा वाचलेले कळले की पुढचे लिहिणे बंद होते, आणि मग तुम्हाला काहीच कळत नाही. पण चुकून नजरेस पडलेच, की मूल मरणाबद्दल लिहिते आहे, तर गप्पही बसू नका. आरडाओरडा नको, ‘आमच्या तोंडाला काळे फासशील’ नको, चार जणांना गोळा करणे नको. दोघेच असताना सरळ विचारा. ‘बाय गो, खरा सांग, तुका जीव देवचोसो वाटता काय?’ असे विचारल्याने डोक्यात नसलेले येते, हा गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनाही सरळ विचारायला सांगते. उत्तर ‘होय’ आले तर सल्ला देण्याची घाई करू नका. ऐका, त्या रात्री तिला एकटी सोडू नका, आणि तिच्यासमोरच, तिला सांगून, १४४१६ लावा. नवऱ्याला किंवा मुंबईच्या दिराला कळवायचे की नाही, हे आधी तिलाच विचारा.

विहारात फलक लावायचा असेल तर लावा, पण मुख्य भिंतीवर सगळ्यांसमोर उभे राहून तो नंबर कुणी टिपून घेणार नाही. संडास-बाथरूमच्या दाराला आतून चिकटवा, अंगणवाडीच्या वजनकाट्याजवळ लावा, मुलांच्या ओळखपत्रामागे लिहा. आणि ॲप, नेट, मोठा फोन यातले काहीही नसलेल्या घरांसाठी: आजीच्या बटणांच्या फोनवरूनही १४४१६ लागतो.